विश्लेषण : स्वतःच्याच देशाने व्हिसा नाकारलेला वर्ध्याचा कृषिशास्त्रज्ञ! पांडुरंग खानखोजे यांची कहाणी आज का वाचायची?

सारंगखेडा (जि. नंदुरबार) : तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोडेबाजारही. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोड्यांच्या रांगा पाहायला दूरदूरचे लोक येतात. त्यातला एखादा पाहुणा परदेशी असेल आणि इथल्या तंबूत किंवा हॉटेलात उतरला, तर त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणे ठेवून घेणाऱ्यावर बंधनकारक असते. हा नियम जुनाच. मात्र १ सप्टेंबर २०२५ पासून तो नव्या कायद्याखाली आला आहे. ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ने चार जुने कायदे रद्द केले, त्यातला सर्वांत जुना १९२० सालचा. भारतात पाऊल ठेवायचे तर पासपोर्ट हवाच, ही सक्ती त्या कायद्याने आणली होती.

इंग्रजांनी आणलेली ही सक्ती स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षे टिकली. परदेशात राहून इंग्रजांशी लढलेल्या कितीतरी हिंदी माणसांना तिने मायदेशाबाहेर ठेवले. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यातले एक. सारंगखेड्याशी त्यांचे नाते नाही. पण या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची शिकलेली मुले आज अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आहेत, आणि तिथला नियम बदलला की इथल्या घरांत फोन वाजू लागतात. परक्या देशात राहायचा आणि काम करायचा हक्क एका कागदावर कसा टांगलेला असतो, हे खानखोजेंच्या आयुष्याइतके स्पष्ट दाखवणारा दुसरा मराठी माणूस सापडणे कठीण.

खानखोजे कोण होते?

१८८० च्या दशकात वर्ध्यात जन्म, तिथेच प्राथमिक-माध्यमिक शिक्षण, पुढे नागपूर. वय टिळकांच्या राजकारणाने भारावून जाण्याचे होते आणि ते भारावले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी घर सोडले. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. डोक्यात दोन गोष्टी होत्या : लष्करी शिक्षण घ्यायचे आणि शेतीशास्त्र शिकायचे. कॅलिफोर्नियात सॅन राफेलजवळच्या माउंट तमालपाइस मिलिटरी ॲकॅडमीत त्यांनी पहिली हौस भागवली. दुसरी त्यांना पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात घेऊन गेली. १९१३ मध्ये ते तिथून पदवी घेऊन बाहेर पडले.

त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या हिंदी मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी संघटना उभी केली. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस. नोव्हेंबर १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून तिचे ‘गदर’ हे वृत्तपत्र निघाले आणि संघटनेला तेच नाव चिकटले. खानखोजे या चळवळीच्या पायाभरणीपासूनचे कार्यकर्ते. याच चळवळीतला दुसरा मराठी तरुण, तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे, भारतात परतला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर तो फासावर गेला. परतणाऱ्यांसाठी काय वाढून ठेवले होते, ते यावरून कळावे.

तेव्हा अमेरिकेत जायला व्हिसा लागत नव्हता?

आजच्या अर्थाने नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी जगभरात बहुतेक ठिकाणी पासपोर्टशिवाय प्रवास होई. हिंदी माणूस बोटीने बंदरात उतरे, तिथे डॉक्टर डोळे आणि पोट तपासत, अधिकारी खिशातले डॉलर मोजत. पास झालात तर आत. काम करायला वेगळा परवाना नव्हता. लाकूड गिरण्या, रेल्वेमार्ग, फळबागा, जिथे हात लागतील तिथे माणूस लागे. हिंदी विद्यार्थीसुद्धा सुट्टीत हीच कामे करून फीचे पैसे जमवत.

पण दार उघडे होते याचा अर्थ स्वागत होते, असा नाही. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या शेकडो हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. कमी मजुरीत काम करून हे लोक आमची रोजी बुडवतात, हा आरोप. (आज संगणक क्षेत्रातल्या भारतीयांवर होणारा आरोप याहून फार वेगळा नाही.) त्यानंतर बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी कायदा न बदलताच दार आवळायला सुरुवात केली. पोटात जंत आहेत, हा सरकारवर बोजा होईल, अशी कारणे देऊन हिंदी लोकांना परत पाठवण्याचे प्रमाण वाढले.

शेजारच्या कॅनडाने १९०८ मध्ये याहून चतुर नियम केला. मायदेशातून मध्ये न थांबता थेट प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश. भारतातून कॅनडाला थेट बोट सहज मिळत नव्हती. नियमात ‘भारत’ हा शब्द नसूनही तो भारतीयांनाच लागू पडला. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोहोचली आणि दोन महिने बंदरात ताटकळून बहुतेकांना घेऊन परत फिरली. कोलकात्याजवळ बजबज येथे उतरताना झालेल्या गोळीबारात त्यातल्या अनेकांचा जीव गेला. हे प्रवासी ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते आणि कॅनडा त्याच साम्राज्याचा भाग. गदरवाल्यांना वेगळ्या प्रचाराची गरजच उरली नाही.

अमेरिकेचे दार पूर्ण कधी बंद झाले?

महायुद्ध सुरू झाल्यावर खानखोजे अमेरिकेतून निघाले. जर्मनीच्या मदतीने इराणच्या बाजूने हिंदुस्थानच्या सरहद्दीपर्यंत पोहोचायचे, वाटेत इंग्रजी फौजेतल्या हिंदी शिपायांना फोडायचे, असा बेत होता. इराण आणि मेसोपोटेमियाच्या त्या मोहिमेवर एक स्वतंत्र लेख होईल. इथे एवढेच, की बेत फसला, इराणात इंग्रजांचा जम बसला आणि युद्ध संपले तेव्हा खानखोजे युरोपात निर्वासितासारखे होते. १९२१ मध्ये बर्लिनहून मॉस्कोला गेलेल्या हिंदी क्रांतिकारकांच्या शिष्टमंडळात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्याबरोबर तेही होते. हाती तिथेही फारसे लागले नाही.

या मधल्या काळात त्यांच्या पाठीमागे अमेरिकेचा कायदा बदलून गेला होता. ५ फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने नकाशावर एक पट्टाच आखला. त्या पट्ट्यात जवळजवळ सगळा दक्षिण आणि आग्नेय आशिया, त्यात भारतही. तिथल्या माणसाने मजुरीसाठी अमेरिकेत यायचे नाही. विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी अशांना सवलत होती, पण सरकारे उलथवू पाहणाऱ्यांना नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत गदर आणि जर्मनी यांच्या कटाचा खटला उभा राहिला. ज्या किनाऱ्यावर खानखोजेंनी पदवी घेतली, तिथे परत जाऊन नोकरी धरणे आता व्यवहारात अशक्य होते.

जे तिथेच राहिले त्यांचे तरी बरे झाले का? १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र. थिंड हे अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले गृहस्थ. निकाल त्यांच्यापुरता थांबला नाही. आधी रीतसर नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांचेही ते मागे घेण्याची मोहीम सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र माणसाला शेतजमीन घेता येत नव्हती, त्यामुळे पंजाबी शेतकऱ्यांच्या हातून जमिनीही जाऊ लागल्या. एखाद्या अमेरिकी बाईने अशा अपात्र माणसाशी लग्न केले, तर १९२२ च्या कायद्याने तिचेच नागरिकत्व जाई. पेशावरहून आलेले वैष्णो दास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवत. नागरिकत्व गेले, दुकान गेले, भारतात जाऊन यायला अमेरिकी पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

नियम पुढच्यांसाठी बदलणे एक आणि आधीच घर थाटून बसलेल्यांखालची जमीन मागील तारखेने काढून घेणे दुसरे. कोणताही इमिग्रेशन कायदा वाचताना आधी हेच पाहावे.

मेक्सिकोने काम कसे दिले?

खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोला पोहोचले. देश दशकभराच्या क्रांतीतून नुकताच बाहेर पडला होता. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटायच्या होत्या, आणि ज्या हातांत त्या जाणार त्यांना बियाणे, पाणी, खत यांचे ज्ञान देणारी माणसे कमी होती. कॅलिफोर्नियातल्या दिवसांत खानखोजेंच्या मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळखी झाल्या होत्या, त्या कामी आल्या. मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापनाची जागा मिळाली.

म्हणजे त्यांना राहायचा हक्क मिळाला तो काम असल्यामुळे, आणि काम मिळाले ते देशाला त्या कामाची गरज असल्यामुळे. त्यांच्या राजकारणाने तिथे कुणाचे बिघडत नव्हते. उलट, क्रांती करून आलेल्यांच्या देशात ती जमेची बाजू ठरली.

त्यांचे मुख्य पीक मका. मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते तिथल्या बांधावर आपोआप उगवतो. त्याच्याशी मक्याचा संकर, एका कणसातून जास्त दाणे, थंडी आणि कोरडे हवामान सोसणाऱ्या जाती, असे त्यांच्या प्रयोगांचे विषय. गहू, कडधान्ये, रबर यांवरही त्यांनी काम केले. शहादा-शिरपूरकडे रब्बीत मका घेणाऱ्या शेतकऱ्याला हे काही परके वाटायचे नाही. पाणी कमी पडले तर कोणते बियाणे तग धरेल, हाच प्रश्न. प्रयोगशाळेत बसून त्याचे उत्तर शेतकऱ्यापर्यंत जात नाही, हे ओळखून त्यांनी मोफत शेतीशाळांच्या चळवळीत स्वतःला झोकून दिले. या शाळा गावात भरत, शिकणारे भूमिहीन आणि अल्पभूधारक असत आणि बरेचसे शिक्षण शेतात होई.

चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांच्या वर्तुळातला. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने भाकरी वाटून खाणाऱ्या माणसांचे चित्र काढले. त्या मेजाच्या मध्यभागी भाकरी वाटणारा माणूस म्हणजे खानखोजे. वर्ध्याच्या माणसाला परक्या देशाच्या सरकारी भिंतीवर जागा मिळाली होती, आणि त्याच वेळी आपल्या गावी जायची सोय नव्हती.

परदेशी पाहुणा कधी नकोसा होतो?

मेक्सिकोचा हात सगळ्यांवर सारखाच नव्हता. खानखोजेंच्या मक्याची आणि शेतीशाळांची छायाचित्रे काढली टीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईने. दोघेही परदेशी, दोघेही डाव्या वर्तुळातले, दोघेही त्याच शहरात. १९३० मध्ये सरकारचा कल बदलला आणि राष्ट्राध्यक्षांवरील हल्ल्याच्या निमित्ताने धरपकड झाली. मोदोत्तीला देशाबाहेर काढण्यात आले. मेक्सिकोच्या राज्यघटनेतील ३३ व्या कलमानुसार नकोशा परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला होता आणि परदेशी व्यक्तीला देशाच्या राजकारणात पडायला मनाई होती.

खानखोजे मात्र राहिले. १९३१ च्या कामगार कायद्याने प्रत्येक उद्योगात दहांतले नऊ कामगार मेक्सिकनच हवेत, अशी अट घातली, तेव्हाही त्यांचे काम चालू राहिले. मला वाटते, मक्याने त्यांना वाचवले. कॅमेऱ्यापेक्षा बियाणे सत्तेला कमी टोचते. १९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केले. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. हिंदी बाप, बेल्जियन आई, जन्म मेक्सिकोतला. अशा घरात प्रत्येकाच्या कागदांची कथा वेगळी असते. आज न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे समजावून सांगायला नको.

स्वतंत्र भारताने व्हिसा का नाकारला?

इकडे ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, तेव्हा खानखोजे मेक्सिकोतच होते. पाच वर्षांनी देश स्वतंत्र झाला. इतकी वर्षे बाहेर काढलेल्या माणसाने आता परतावे, यात अडचण कसली? त्यांनी भारतात येण्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला.

कारण असे, की इंग्रजांनी त्यांचे नाव काळ्या यादीत घातले होते. सरकार बदलले, झेंडा बदलला, पण यादी तीच राहिली. दूतावासातल्या कारकुनाने अर्ज आला की नाव यादीत आहे का एवढेच पाहायचे. नाव त्या यादीत का घातले गेले, हे पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. ज्या सरकारविरुद्ध लढल्याचा तो शिक्का होता, ते सरकार आता अस्तित्वातच नव्हते! पुढे वरच्या पातळीवर निर्णय फिरला आणि त्यांचा मार्ग मोकळा झाला. ते नागपूरला येऊन स्थायिक झाले.

असे अनुभव त्यांच्या एकट्याचे नव्हते. पासपोर्टविना युरोपभर अडकून पडलेल्या हिंदी क्रांतिकारकांबद्दल जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आणि अशा याद्या केवळ इंग्रजांच्या जमान्यातल्या, असेही समजू नये. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या शिखांची केंद्रीय गृहखात्याची जी यादी होती, त्यातली ३१४ पैकी ३१२ नावे सप्टेंबर २०१९ मध्ये काढण्यात आली. १९८० च्या दशकातल्या घटनांवरून आलेली ती नावे तीन दशकांहून जास्त काळ तिथे होती.

खानखोजेंची पत्नी जन्माने परदेशी. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतीय नागरिकाच्या पत्नीला नोंदणी करून नागरिक होण्याची वाट खुली ठेवली होती. त्याआधी आणि ती नोंदणी होईपर्यंत, परदेशी बाईने भारतात राहायचे ते १९३९ च्या नोंदणी कायद्याखाली आणि १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याखाली. हे दोन्हीही २०२५ मध्ये रद्द झालेल्या चारांपैकी. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात खानखोजेंचे निधन झाले. मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले, मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला.

नव्या कायद्यात काय आहे?

वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना भारतात आल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागदपत्रांसाठी २ ते ७ वर्षे कैद आणि १ ते १० लाख दंड. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड. हॉटेले, शिक्षणसंस्था, रुग्णालये यांनी परदेशी व्यक्तींची माहिती द्यायची आहे. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून प्रवेश नाकारण्याचा इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने साधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करायची असते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ती पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे होते. नोकरी करायची तर नोकरीचाच व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसावर आलेल्याला पगार देता येत नाही. यात्रेत एखादा परदेशी घोडेस्वार कसरती करणार असेल, तर आयोजकांनी आधी हेच तपासावे.

तिकडे अमेरिकेने १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा आणि नागरिकत्वाची वाट दिली. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारित कोटापद्धत संपवली. आजची मराठी मंडळी गेली ती त्यानंतर. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकणारा आदेश निघाला. या व्हिसात भारतीयांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. आदेश आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही, असा खुलासा दुसऱ्याच दिवशी झाला. मधल्या त्या काही तासांत मात्र सुट्टीवर भारतात आलेले कितीतरी जण विमानतळाकडे धावले.

परदेशी नागरिकत्व घेतले तर गावच्या जमिनीचे काय?

शहादा तालुक्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो. राज्यघटनेच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय नागरिक राहता येत नाही. त्याने भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि येण्याजाण्यासाठी व्हिसा किंवा ‘ओसीआय’ कार्ड घ्यायचे. ओसीआयवर भारतात कितीही काळ राहता येते, बहुतेक नोकऱ्या करता येतात, घर घेता येते. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते. म्हणून कुटुंबात कुणी अमेरिकी किंवा कॅनडाचे नागरिकत्व घेणार असेल, तर सातबाऱ्यावर वारसनोंदी आधी नीट करून घ्याव्यात. सरकारने ठरवले तर ओसीआय रद्दही होऊ शकते, त्याची कारणे नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ ‘ड’ मध्ये दिली आहेत.